रविवारचं तेल

मी मास्तर. डिचोलीच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचो, आणि आवाज खणखणीत म्हणून शाळेत कुठलाही कार्यक्रम असला की भाषण माझ्याच गळ्यात पडायचं. त्यातही भोंदूगिरीवरचं माझं भाषण ठरलेलं. लिंबातून रक्त कसं काढतात, नारळ आपोआप कसा पेटवतात, हे मी टेबलावर करून दाखवायचो. मुलं टाळ्या वाजवायची, हेडमास्तर पाठ थोपटायचे, आणि घरी आल्यावर मी तेच सगळं बायकोला पुन्हा ऐकवायचो. ती तांदूळ निवडता निवडता "बरा झाला" एवढंच म्हणायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की हा माणूस अडाणी असणार. अडाणी नव्हतो, लाज वाटते ती त्याचीच.

आमची मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. घरात सगळे तिला बाय म्हणायचे. बाय दोन वर्षांची असल्यापासून तिचे कान फुटायचे. सर्दी झाली की कान फुटला, ताप आला की कान फुटला. आमच्याकडे मुलांचे कान फुटतातच, त्याचं कोणी फारसं मनाला लावून घेत नाही. उशीवर पिवळा डाग दिसला की बायको अभ्रा धुवायची, दवाखान्यातून थेंब आणायची, आठवड्याभरात कान कोरडा व्हायचा. बाय बोलत होती, पण तिचे शब्द अर्धे असायचे, आणि काहीही विचारलं तरी ती हसून मान हलवायची. जेवलीस? मान. झोप आली? मान. किती शहाणं पोर, कशालाच नाही म्हणत नाही, असं आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो.

आमचं बिऱ्हाड रस्त्याला लागून होतं आणि त्या रस्त्याने दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. घरातल्या भांड्यांवर, पुस्तकांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडी धूळ. एका सकाळी बाय अंगणाच्या कडेला बसून काडीने मातीत काहीतरी काढत होती, आणि एक ट्रक वळवण्यासाठी मागे मागे येत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, उभा राहून दाढी करत होतो. आता उठेल, आता उठेल, असं मला वाटत होतं. तिने मानसुद्धा वर केली नाही. माझ्या हातातला वस्तरा तसाच राहिला. बायको मागच्या दाराने धावत गेली आणि तिने पोरीला बखोटीला धरून उचललं. ट्रक हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर उतरून आम्हालाच बोलला, आणि बरोबरच बोलला. बायकोचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. बायला छातीशी घट्ट धरून ती माझ्याकडे बघत होती.

"हिका आयकाक येना नाय," ती म्हणाली.

त्या दिवशी मी शाळेत गेलो नाही. बायच्या पाठीमागे उभा राहून ताट वाजवलं, टाळ्या वाजवल्या, नाव घेऊन हाका मारल्या. कधी ती वळायची, बहुतेकदा नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि पणजीच्या मोठ्या इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. "लांबणीवर टाकू नका," एवढंच ते म्हणाले. आम्ही लांबणीवर टाकणार नव्हतोच, पण ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते.

कोकणी की मराठी यावरून सगळा गोवा तापला होता. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकत्र चहा पिणारी माणसं दोन बाकांवर वेगळी बसायला लागली होती. मीही त्यात हिरिरीने होतो, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन बायकडे बघितलं की माझा सगळा आवेश उतरायचा. तिला दोन्हींपैकी एकही भाषा धड ऐकू येत नव्हती. पणजीची पहिली तारीख बंदमुळे हुकली. दुसऱ्या वेळी अर्ध्या वाटेवर झाड आडवं टाकलेलं होतं, बस परत फिरली. तिसऱ्या वेळी रस्ता मोकळा होता तर बायलाच ताप. मी चिडून चिठ्ठी कपाटात ठेवून दिली.

अशा वेळी माझी आई पार्शाहून आली. पार्से आमचं मूळ गाव. तिथे आमचं घर, थोडी माडाची बाग आणि डोंगरावर काजी, म्हणजे काजूची झाडं. आईने येताना बातमी आणली. तेरेखोलच्या पलीकडे, हद्दीजवळच्या एका वाडीत एक माणूस दर रविवारी कानाचं औषध देतो. तीन रविवार जायचं, की जन्माचा बहिरा ऐकायला लागतो.

"लोक बरे होवन येतत रे," आई म्हणाली. "तुजो डॉक्टर खंय पळान जाता? वाट सुटापर्यंत ह्या करून बघ."

यावर मी माझं भाषण द्यायला हवं होतं. दिलं नाही. कारण खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंच काहीतरी होतं. आमच्या शाळेत एक मुलगी कानाचं मशीन लावून यायची. छातीवर डबी, डबीतून कानात गेलेली वायर. मुलं तिला रेडिओ म्हणायची. मी दोनदा रागावलो, तिसऱ्या वेळी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पणजीचा डॉक्टर बायच्या गळ्यात तसलीच डबी अडकवणार, अशी मला धास्ती होती. मास्तराची पोर रेडिओ. ते टळत असेल तर कोणीही चालला असता, आणि तो माणूस नेमकं तेच टाळून देतो म्हणत होता.

पहिल्या रविवारी आम्ही तिघं गेलो. केरीहून फेरीबोटीने पलीकडे उतरलो आणि चढण चढून वाडीत पोचलो तर अंगणात चाळीस-पन्नास माणसं. म्हातारे, लहान मुलं, एक नवी नवरी. माणूस साधाच होता. भगवे कपडे नाहीत, जटा नाहीत, पांढरा सदरा आणि डोळ्यांना चष्मा. त्याच्या त्या चष्म्यानेच मी निम्मा विरघळलो. त्याने बायचा कान बघितला, जीभ बघितली, आणि म्हणाला, "मास्तर, हिच्या कानात किडे आहेत. डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत. ते मशीन लावतील. मशीन लावलंत की कान मेला."

मशीनची गोष्ट मी काढली नव्हती, त्यानेच काढली. मी मनात म्हटलं, ह्याला कसं कळलं? आता वाटतं, न कळायला काय झालं होतं? तिथे आलेला प्रत्येक जण मशीनलाच भिऊन आला होता.

त्याने निखाऱ्यावर कसलंसं बी टाकलं, पोपायेच्या, आपल्या पपईच्या, पानाच्या पोकळ देठातून त्याचा धूर बायच्या कानात फुंकला, आणि मग कानाखाली धरलेल्या पाण्याच्या ताटात बारीक पांढरे किडे दिसायला लागले. लोकांनी हात जोडले. त्याने एक घंटा घेतली, बायच्या तोंडासमोर धरून वाजवली आणि विचारलं, "आयकाक येता?"

बायने हसून मान हलवली.

आता ऐका. लिंबातून रक्त काढणारा मी. किडे त्याच्या बोटांत आधीपासून असणार, हे मला कळलं होतं. घंटा तिला दिसेल अशीच धरली होती, हेही कळलं होतं. आणि बाय कशालाही मान हलवते, हे तर माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरीही परतताना फेरीबोटीवर मी बायकोला म्हणालो, "थोडा फरक पडला ना गे?" ती पाण्याकडे बघत राहिली. "तुमका वाटता तर पडलो आसतलो," ती म्हणाली.

बायकोबद्दल थोडं सांगायला हवं. ती वेंगुर्ल्याकडची. लग्नाआधी पाच-सहा वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजूच्या टरफलात काळपट, चिकट तेल असतं, ते अंगाला लागलं की कातडी भाजते. म्हणून त्या बायका हातांना राख नाहीतर खोबरेल फासून बसतात, तरी बोटं काळी पडतातच. आमच्या लग्नात तिच्या बोटांवरचे डाग मेंदीनेही झाकले नव्हते, आणि माझ्या एका मावशीने त्यावरून टोमणा मारला होता. बायको सासरच्या माणसांत फारसं बोलायची नाही. पण जे तिला ठाऊक असायचं ते पक्कं ठाऊक असायचं.

दुसऱ्या रविवारी मी एकटाच गेलो, कारण त्या दिवशी फक्त तेल मिळणार होतं. बायको आणि बाय पार्शाला आईकडे थांबल्या. माणसाने मला बोटाएवढी बाटली दिली आणि नियम सांगितले. एकवीस दिवस मासे बंद. डॉक्टरचं औषध आजपासून बंद. दोन्ही कानांत तीन तीन थेंब, पहिले थेंब आजच, सूर्य बुडायच्या आत. आजचा सूर्य बुडाला की तेलाचा गुण गेला. "आणि मास्तर, पोर रडेल. जळजळ होतली. जळजळ झाली म्हणजे समजा गुण सुरू झाला." मी बाटली वरच्या खिशात ठेवली आणि फेरीबोटीवर खिशावर हात धरून उभा राहिलो.

पार्शाला पोचलो तेव्हा चार वाजले होते. सोप्यावर बाय आईच्या मांडीवर बसून उंडा, आमच्याकडचा गोल पाव, खात होती. मी कापूस मागितला. बायकोने बाटली हातात घेतली, बूच काढलं, नाकाशी धरलं. वरून कापराचा भपकारा येत होता. तिने पुन्हा वास घेतला. मग वाढवणीची, म्हणजे खराट्याची, एक हीर मोडून आत बुडवली आणि उजेडात धरली. तपकिरी, दाट थेंब हिरेच्या टोकाला लोंबत राहिला.

"ह्या काजीच्या सालीचा तेल आसा," ती म्हणाली.

आईने हीर बघितली, वास घेतला, आणि तिचा चेहरा उजळला. "मगे बरा झाला! घरचाच औषध. आमी नाय लावणव टाचेच्या भेगांका?"

आणि मला, अगदी देवाशप्पथ सांगतो, मलाही हायसंच वाटलं. आमच्याकडे काजीचं तेल पायांच्या भेगांना लावतात, होडीच्या फळ्यांना लावतात, गुरांच्या जखमेला लावतात. परक्या मुलखातलं काही विष नाही, आपल्या डोंगरावरचंच आहे, मग त्यात भ्यायचं काय? दुसऱ्या कुठल्या गावातला माणूस असल्या गोष्टीने घाबरला असता. आम्ही मायलेक त्याच गोष्टीने निर्धास्त झालो. मी कापसाचा बोळा वळायला घेतला.

"पायाची टाच आणि कानाचो पडदो एकच काय?" बायको म्हणाली.

"तुला जिथे तिथे काजूच दिसतात," मी म्हणालो. "कापूर घातलाय, आणखी औषधं घातली असतील. तो काय एवढ्या लोकांना भाजत बसलाय?"

"तुमका भरवसो आसा मां? मगे हात पुढे करा."

मी हात पुढे केला. भरवसा होताच, आणि आईसमोर माघार कोण घेणार? तिने माझी बाही वर सारली, मनगटाच्या वर, आतल्या नाजूक बाजूला हिरेने तीन थेंब ठेवले, आणि त्यांच्याभोवती त्याच हिरेने काजूएवढी एक गोल रेघ ओढली. "पुसू नकात," म्हणाली.

पाच वाजले, साडेपाच वाजले. हात थोडा चुरचुरत होता, थोडा लाल झाला होता. मी चुरचुरतंय म्हणालो नाही. उलट हात पुढे करून म्हणालो, "बघ, काही नाही." आई सूर्याकडे बघत होती. माडांच्या मागे तो उतरायला लागला तशी तिची चुळबूळ वाढली. "घाल रे आता, वेळ जाता." मी बाटली उचलली. बायकोने बायला आईच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं, तिचं डोकं आपल्या काखेत धरलं आणि दोन्ही हातांनी तिचे कान झाकले.

"उद्या सकाळी बघूया," ती म्हणाली.

"उद्या गुण नाही! आज सूर्य बुडायच्या आत!"

"सूर्य उद्याय उगावतलो."

मग माझा तोल गेला. मी काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही, पण एक वाक्य लिहायलाच हवं. मी म्हणालो, "तुला तुझी पोर बरी झालेली नकोच आहे." बायकोने बायच्या कानांवरचे हात काढले नाहीत, एवढंच. सूर्य बुडाला. मी बाटली फळीवर आदळून ठेवली आणि समुद्राच्या दिशेने चालत सुटलो. तीन मैल चाललो असेन. परत आलो तेव्हाही तिच्याशी बोललो नाही.

सकाळी मला जाग आली ती हाताच्या आगीने. मनगटाच्या वर बोराएवढा फोड आला होता आणि त्याच्याभोवती तांबडं, सुजलेलं कातडं. मी बघतच राहिलो. तीन थेंब, मोठ्या माणसाच्या हाताच्या कातडीवर. बायच्या कानात तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला जाणार होते, आणि ती रडली असती तर मी तिला घट्ट धरून ठेवणार होतो, गुण सुरू झाला म्हणून. मी तिथेच चटईवर बसलो. बाय शेजारी पालथी झोपली होती, तोंड उघडं, एक कान वर. तो तिचा कान जसाच्या तसा बघून मला रडू कोसळलं.

बायको चहा घेऊन आली. हात बघितला. मला वाटलं आता ऐकवील. माझी तयारी होती, तिचा हक्कच होता. ती आत गेली, खोबरेल आणि स्वच्छ फडकं घेऊन आली, आणि हात बांधता बांधता म्हणाली, "तुमच्या भाषणात ह्या पण सांगा आता." एवढंच. आदल्या संध्याकाळच्या माझ्या त्या एका वाक्याबद्दल मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, "माका म्हायत होता तुमी ता रागान बोललात." आईने बाटली उचलली आणि गोठ्यातल्या वाळवी लागलेल्या खांबावर सगळी ओतली. तो खांब त्यानंतर वर्षानुवर्षं टिकला. त्या तेलाचा गुण कोणाला तरी आला म्हणायचा.

त्या माणसाला जाब विचारायला मी गेलो नाही. जायला हवं होतं. पण त्या अंगणात उभं राहून पन्नास माणसांसमोर बाही वर करायची म्हणजे आपणही रांगेत होतो हे सांगणं आलं, आणि तेवढं धैर्य मला तेव्हा झालं नाही. पुढच्या वर्षी शाळेत मात्र लिंबू बाजूला ठेवून मी मुलांना हात दाखवला. टाळ्या कमी पडल्या, प्रश्न जास्त आले. त्या दिवसापासून त्या मशीनवाल्या मुलीला वर्गात कोणी रेडिओ म्हटलेलं मी ऐकून घेतलं नाही.

हाताला फोड आला त्याच आठवड्यात रस्ते सुटले आणि मी मिळेल त्या पहिल्या बसने बायला घेऊन पणजीला निघालो. बायको बरोबर होतीच. इस्पितळात आमचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. डॉक्टर एक वयस्कर बाई होत्या, केस आखूड, बोलणं तुटक. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कानांत तेल-बील घालूंक ना मू?"

मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. "ना," मी म्हणालो. मग त्यांची नजर माझ्या हातावरच्या फडक्याकडे गेली. "आनी हें कितें?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, किडे आणि घंटेसकट. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं. बायच्या दोन्ही पडद्यांना भोकं होती. पडदा शाबूत असला तर कानात घातलेलं बाहेरच राहतं; भोक असलं की सरळ आत जातं, जिथे ऐकण्याची बारीक हाडं असतात तिथे. "हें तेल आंत गेल्लें जाल्यार..." त्या म्हणाल्या, आणि पेन खाली ठेवलं. पुढचं बोलायची गरज नव्हती.

मग तपासणी. बायला एका छोट्या खोलीत बसवलं, कानांवर जाड डबे चढवले, आणि आवाज आला की एक लाकडी मणी वाटीत टाकायचा असं खुणेने शिकवलं. आवाज सोडणारी बाई तिच्या पाठीमागे बसली, तिला काही दिसणार नाही अशी. मी काचेबाहेर उभा होतो. बाय मणी हातात घेऊन बसली होती. बराच वेळ काही नाही. मग एक मणी पडला. पुन्हा बराच वेळ. पुन्हा एक. इथे मान हलवून भागणार नव्हतं, आणि मणी मोजता मोजता माझी पाचावर धारण बसली होती. बायको खाली मान घालून उभी होती, तिला काचेकडे बघवत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या की आतली नस चांगली आहे. दोष पडद्यांत आहे, आणि पडद्याचं काहीतरी करता येतं. आधी कान कोरडे करायचे; थेंब, गोळ्या, डोक्यावरून पाणी घालताना कानात कापूस. एखादं भोक आपोआप बुजेल, नाही बुजलं तर मुलगी मोठी झाल्यावर शस्त्रक्रिया करता येईल. तोवर शाळेत भाषा कानावर पडायला हवी, म्हणून मशीन.

"पूर्ण बरी होईल ना?" मी विचारलं.

"मास्तर, हांव तुमकां उतर दिना," त्या म्हणाल्या. "पळोवया."

बघूया. कोणताही शब्द दिला नाही, कसली मुदत सांगितली नाही. आणि तरी माझा जीव भांड्यात पडला. इतके दिवस मी एकवीस दिवसांत, तीन रविवारांत, सूर्य बुडायच्या आत असलं ऐकत होतो, आणि आत कुठेतरी सारखा धसका होता. ह्या बाईने काहीच कबूल केलं नाही, तेव्हा कुठे मला बसायला जमीन मिळाली. इस्पितळाच्या बाहेर आम्ही तिघांनी पाव-भाजी खाल्ली आणि बायको खूप दिवसांनी माझ्याकडे बघून हसली.

कान कोरडे व्हायला दोन महिने लागले. डाव्या पडद्याचं भोक लहान होत गेलं, उजव्याचं तसंच राहिलं. त्याची शस्त्रक्रिया बाय बारा वर्षांची झाल्यावर झाली आणि बरी झाली. पण ते पुढचं. गोवा राज्य झालं त्या सुमाराला आम्हाला मशीन मिळालं. बायकोने त्यासाठी बायच्या सगळ्या झग्यांना छातीवर खिसे शिवले, आणि प्रत्येक खिशावर वेगळ्या रंगाचं फूल काढलं. मशीन लावून बायला घेऊन आम्ही पणजीहून डिचोलीच्या बसमध्ये बसलो. ती सारखी खिसा चाचपत होती. बस सुरू झाली तशी दचकली, कंडक्टरने शिट्टी मारली तशी दचकली, आणि मग जनेलाला नाक लावून बसली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बजावलं होतं की आता तिच्याशी साध्या आवाजात बोला, मशीनपाशी मोठ्याने बोललात तर तिला त्रास होईल. म्हणून मी वाकून, नेहमी माणसं बोलतात तसं म्हणालो, "बाय, पाव खातेस?"

तिने मान हलवली नाही. ती वळली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, खूप वेळ. कपाळाकडे, भुवयांकडे, ओठांकडे. मग तिने विचारलं, "पपा, तुजो राग गेलो?"

मला आधी कळेनाच. बायकोला माझ्याआधी कळलं. तिने पदर तोंडाला लावला. दोन वर्षं आम्ही ह्या पोरीशी ओरडूनच बोलत आलो होतो. आधी एका हाकेला ओ देत नाही म्हणून, आणि कळल्यावर ऐकू जावं म्हणून, घरात सगळेच ओरडायचे, मी तर सगळ्यांत जास्त. माझा आवाजच तसा. आणि आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता, पोचत होतं ते नुसतं तोंड. ताणलेलं, आठ्या पडलेलं, दात दिसणारं. ये म्हटलं तरी तेच तोंड, जेव म्हटलं तरी तेच. दोन वर्षं ती माझ्या रागात राहिली होती, आपलं काय चुकतं ते न कळता, आणि म्हणून सगळ्याला हसून मान हलवत होती.

बसमध्ये माणसं होती, ओळखीचीही होती. मी बायला मांडीवर घेतलं. "राग नव्हतो गे बाय," मी म्हणालो, "कधीच नव्हतो." हे मी अगदी हळू म्हणालो, आणि तिला ते ऐकू आलं.